तुकडा कुठल्या बाटलीत जाणार, ते आधी विचारा

मागच्या अंकात बायोप्सीबद्दल, म्हणजे तपासायला कातडीचा तुकडा काढण्याबद्दल, लिहिताना मी एक वाक्य टाकलेलं, की कातडीच्या काही आजारांत साधा मायक्रोस्कोप पुरत नाही, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. त्या एका वाक्यावर भरपूर पत्रं आलीत, डिचोली, फोंडा, वास्को, पेडणे, काणकोण, कुठून कुठून. मी पॅथॉलॉजीतली, गोव्यात यायच्या आधी मुंबईला ईएमच्या लॅबमध्ये काम केलंय, तिथे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला सगळे ईएमच म्हणतात आणि मीही खाली तसंच लिहिणार आहे. ह्या वेळचं सगळं सदर ह्याच विषयाला दिलंय. पहिल्या पत्राचं उत्तर लांब झालंय, पण ते पत्रच तसं आहे.

प्रश्न (डिचोलीहून एक आई): ताई, माझी मुलगी अकरा महिन्यांची आहे. जन्मल्यापासून तिला हातापायांवर आणि लंगोट घासतो तिथे फोड येतात, जरा जोरात धरलं तरी कातडी सुटते. एकदा बायोप्सी झाली, रिपोर्टमध्ये लिहिलंय की वरच्या थराच्या खाली फोड आहे, ईबीचा संशय, प्रकार सांगता येत नाही. आता डॉक्टर म्हणतात परत तुकडा काढून गोव्याबाहेर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीला पाठवूया. पहिल्याच तुकड्यावर होणार नाही का? सासूबाई म्हणतात पोरीला किती वेळा कापणार. शेजारी म्हणतात लागण होईल, मुलांना जवळ येऊ देत नाहीत. काय करू?

उत्तर: ताई, आधी शेजाऱ्यांचं बघूया. ईबी म्हणजे एपिडर्मोलायसिस बुलोसा हा जन्मजात, जीन्समधला आजार आहे, तो शिवण्याने, एका ताटात जेवण्याने, कशानेच दुसऱ्याला होत नाही. तुमच्या गरोदरपणात तुम्ही काही खाल्लं किंवा कुठलं ग्रहण पाळलं नाही म्हणूनही झालेला नाही. हे घरात मोठ्याने वाचून दाखवा. पोरीला धरताना काळजी घ्यायची ती तिची कातडी सुटू नये म्हणून, आपल्याला काही होईल म्हणून नाही.

आता रिपोर्ट "प्रकार सांगता येत नाही" असं का म्हणतो ते बघा, कारण तो रिपोर्ट चुकीचा नाही, त्याला तेवढंच दिसत होतं. हॉस्पिटलात जो मायक्रोस्कोप असतो तो उजेडावर चालतो आणि उजेडाची एक हद्द आहे, साधारण २०० नॅनोमीटर, त्याहून जवळ असलेल्या दोन गोष्टी त्याला वेगवेगळ्या दिसतच नाहीत, लेन्स कितीही भारी लावली तरी. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आणि कातडीचा वरचा थर म्हणजे एपिडर्मिस, तो खालच्या डर्मिसला जिथे धरून असतो तो सगळा सांधाच मुळात त्या हद्दीच्या आतला. वरून खाली येताना तिथे आधी सगळ्यात तळाची पेशी, तिच्या बुडाला हेमिडेस्मोसोम नावाचे गडद ठिपके, पेशीच्या आतले केराटिनचे धागे तिथे येऊन अडकलेले असतात, त्याच्या खाली एक फिकट पट्टा, लॅमिना ल्युसिडा, मग एक गडद पट्टा, लॅमिना डेन्सा, आणि त्या गडद पट्ट्यातून खाली डर्मिसमध्ये उतरणारे बारीक धागे, अँकरिंग फायब्रिल, जे कोलॅजन ७ ह्या प्रोटीनचे बनलेले असतात. हे दोन पट्टे मिळून शंभर नॅनोमीटरच्या आतबाहेर भरतात. म्हणजे साध्या मायक्रोस्कोपखाली एवढंच कळणार की वरचा थर खालून सुटलाय. नक्की कुठे सुटला, पट्ट्याच्या वर, मध्ये की खाली, ते नाही कळणार.

आणि ईबीत सगळं त्या "नक्की कुठे" वर आहे. तळाच्या पेशीच्या आतच फाटलं असेल तर तो सिम्प्लेक्स प्रकार, बहुतेक वेळा केराटिन ५ किंवा १४ मधला बिघाड, त्याच्या एका तीव्र प्रकारात केराटिनचे धागे गोळा होऊन गुठळ्या झालेल्या ईएममध्ये स्पष्ट दिसतात. लॅमिना ल्युसिडात फाटलं तर जंक्शनल, तिथे हेमिडेस्मोसोम खुजे किंवा कमी दिसतात. लॅमिना डेन्साच्या खाली फाटलं तर डिस्ट्रॉफिक, तिथे अँकरिंग फायब्रिल विरळ असतात किंवा सापडतच नाहीत, आणि ह्यात फोड बरे झाल्यावर व्रण राहतात. शिवाय किंडलर नावाचा एक प्रकार आहे ज्यात फाट वेगवेगळ्या पातळ्यांवर मिळते. पुढे पोरीची काळजी कशी घ्यायची, काय काय जपायचं, पुढच्या बाळंतपणात काय विचार करायचा, हे सगळं प्रकारावर ठरतं. सिम्प्लेक्सवाली बरीचशी मुलं वाढत जातात तसा त्रास कमी होत जातो, डिस्ट्रॉफिकमध्ये बोटं, घसा, पोषण ह्याकडे लहानपणापासून लक्ष द्यावं लागतं. १९६२ साली पिअर्सन नावाच्या डॉक्टरांनी ईएम वापरूनच हे प्रकार फाटीच्या पातळीवरून वेगळे केले, तीच मांडणी आजही मुळाशी आहे.

पहिल्या तुकड्यावर का नाही होणार? तो फॉर्मलिनमध्ये घातला, मग अल्कोहोल, झायलिन आणि गरम मेणातून गेला. साध्या स्लाइडसाठी ते अगदी बरोबर आहे. पण त्या प्रवासात पेशीची पातळ आवरणं आणि त्यातली चरबी विरघळून जाते, आणि आपल्याला बघायचंय नेमकं तेच. मेणातून काढून परत ईएमसाठी तयार करता येतो, अडल्या वेळी केलं जातंही, पण चित्र फाटकंतुटकं मिळतं आणि ईबीसारख्या बारीक निवाड्याला मी त्यावर विसंबणार नाही. ईएमसाठी तुकडा काढल्या काढल्या, लगेच, ग्लुटाराल्डिहाइडमध्ये, म्हणजे पेशी आहेत तशा टिकवणाऱ्या द्रावणात, घालावा लागतो. आणि हे औषध आत फार हळू शिरतं, म्हणून तुकडा साधारण एक मिलिमीटरचे बारीक भाग करून घालायचा, नाहीतर बाहेरची कड टिकते आणि मध्ये सगळं सडायला लागतं.

म्हणून डॉक्टरांकडे जाल तेव्हा हे विचारा, आणि विचारताना संकोच करू नका, चांगल्या डॉक्टरला ह्याचा राग येत नाही. तुकडा कुठला घेणार? जुना फोड नको. फोड येऊन अर्धा दिवस जरी झाला तरी खाली कातडी परत भरायला लागते आणि फाट खोट्या ठिकाणी दिसते. चांगली पद्धत म्हणजे साध्या कातडीवर पेन्सिलचं खोडरबर दाबून हळूहळू गोल फिरवायचं, लाल होईपर्यंत, मग थोडा वेळ थांबून त्या जागेच्या कडेचा तुकडा घ्यायचा, म्हणजे अर्धा फुटलेला आणि अर्धा न फुटलेला भाग एकत्र मिळतो. तळहात-तळपाय शक्यतो नको. पंचने, म्हणजे गोल तुकडा कापणाऱ्या हत्याराने, घेतला तर पंच गरगर पिळायचा नाही, ह्या मुलांची वरची कातडी त्या पिळानेच निघून येते आणि लॅबला नुसता खालचा भाग पोचतो, असं मी बघितलंय. काही डॉक्टर ब्लेडने वरवरचा पातळ काप घेतात, त्याला टाकाही लागत नाही.

मग बाटल्या. एक ग्लुटाराल्डिहाइडची ईएमसाठी. दुसरी मिशेल्स मीडियमची, इम्युनोफ्लुओरोसन्ससाठी, त्यात कुठलं प्रोटीन कमी आहे किंवा नाहीच ते रंगवून बघतात. दोन्ही एकाच वेळी घेतले तर परत तिसऱ्यांदा कापायची पाळी येत नाही. सासूबाईंना हेच सांगा, की ह्या वेळी एकदाच पण पूर्ण करून घेऊया. बाटलीवर नाव, तारीख, वेळ आणि जागा लिहिलेली हवी. पाठवताना थंड ठेवायचं, कोल्ड पॅकसोबत, पण गोठवायचं अजिबात नाही, बर्फाचे स्फटिक झाले की ते पेशी आतून फाडतात आणि मग कुणीच काही वाचू शकत नाही. आपल्याकडच्या उन्हात कुरियरच्या गाडीत पार्सल तसंच पडून राहिलं तर वाईट, म्हणून शनिवारी पाठवू नका, आठवड्याच्या सुरुवातीला पाठवा आणि पलीकडच्या लॅबला आधी फोन करून ठेवा. दिल्लीच्या एम्समध्ये, वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलात अशी सोय आहे, पण तुमच्या डॉक्टरांचा जिथे संपर्क आहे तिथेच पाठवणं सोपं पडेल.

तुकडा तीन-चार मिलिमीटरचा असतो, जागा बधिर करून घेतात. पोर रडेल, पण बरंचसं इंजेक्शनला आणि धरून ठेवण्याला रडेल.

आता माझं मत. आज ईबीसाठी जीन टेस्ट मिळते, रक्तावर होते, आणि नेमकं कुठलं जीन बिघडलंय ते सांगते. ते ईएम सांगत नाही. शक्य असेल तर आईबाबा आणि बाळ तिघांचं रक्त देऊन ती करा. ईएम आणि इम्युनोफ्लुओरोसन्स तिच्या जागी नाही, तिच्या जोडीला. जीन टेस्टमध्ये कधीकधी असा बदल सापडतो ज्याचा अर्थ कुणालाच नक्की लावता येत नाही, तेव्हा कातडीत फाट कुठे आहे हे माहीत असलं की निवाडा होतो. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, "जीन टेस्ट केली तर हा तुकडा लागेल का, आणि कशासाठी?" त्यांच्याकडे उत्तर असेल तर निर्धास्त काढू द्या. पुढच्या गरोदरपणासाठी तर जीनचा रिपोर्ट हवाच. पूर्वी, १९८० च्या आसपास, पोटातल्या बाळाच्या कातडीचा तुकडा घेऊन ईएमखाली बघत, आता जीन ठाऊक असेल तर बरंच आधी कळू शकतं. दोघांकडून येणारा प्रकार निघाला तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता असते, आईबाबांकडून न आलेला नवा बदल निघाला तर गणित एकदम वेगळं.

तोपर्यंत पोरीला चिकटपट्टी कुठेही लावू देऊ नका, सलाईनची सुई बसवतानासुद्धा नर्सताईंना आधी सांगा. मोठा फोड असेल तर निर्जंतुक सुईने टोचून पाणी सोडायचं, वरची कातडी काढायची नाही, ती तशीच झाकण म्हणून राहू द्यायची. पाला, हळद, खोबरेल असलं काही जखमेवर नको. आणि काही अडलं तर परत लिहा ताई.

प्रश्न (फोंड्याहून बी.एस्सी.चा विद्यार्थी): मॅडम, नेटवर कातडीच्या पेशींचे ईएमचे रंगीत फोटो बघितले, सर म्हणाले ते रंग खोटे आहेत. मग खरं काय दिसतं? आणि हे काम शिकायचं असेल तर?

उत्तर: सर बरोबर बोलले. रंग हा उजेडाचा गुण, इलेक्ट्रॉनला रंग नसतो, म्हणून जे मिळतं ते काळं, पांढरं आणि मधले करडे. रंग नंतर कॉम्प्युटरवर भरतात, समजायला सोपं जावं म्हणून. खोटं म्हणण्यापेक्षा भरलेलं म्हण.

१९३१ साली बर्लिनमध्ये मॅक्स नोल आणि अर्न्स्ट रुस्का ह्यांनी पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप उभा केला, रुस्काला नोबेल मिळालं ते १९८६ मध्ये, इतक्या उशिरा. आपल्याकडे कलकत्त्यात नीरजनाथ दासगुप्ता ह्यांनी १९४० च्या दशकात स्वतः बांधला होता, हे आपल्या पुस्तकांत असायला हवं आणि नसतं ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. तत्त्व असं की १०० किलोव्होल्टने पळवलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी ०.००४ नॅनोमीटरहूनही कमी असते, उजेडाची चारशे ते सातशे, त्यामुळे ती २०० ची हद्द इथे आड येत नाही. पण इलेक्ट्रॉन हवेत अडतात म्हणून आत व्हॅक्यूम लागतो, आणि व्हॅक्यूममध्ये ओली कातडी ठेवता येत नाही. सगळी मेहनत इथून सुरू होते.

ग्लुटाराल्डिहाइडनंतर तुकडा ऑस्मियम टेट्रॉक्साइडमध्ये जातो, तो चरबीला धरून बसतो आणि तुकडा काळाकुट्ट होतो, त्यामुळेच पेशीची आवरणं नंतर गडद दिसतात. ह्याची वाफ डोळ्यांना फार वाईट, फ्यूम हूडच्या बाहेर बाटली उघडायची नाही, कुणी कितीही घाईत असलं तरी. मग चढत्या अल्कोहोलमधून पाणी काढून टाकायचं, रेझिन, म्हणजे तापवल्यावर प्लास्टिकसारखं घट्ट होणारं द्रव, भरायचं, ६० अंशांच्या ओव्हनमध्ये एक-दोन दिवस घट्ट होऊ द्यायचं. पावसाळ्यात हे काम जिवावर येतं, रेझिनला दमट हवा चालत नाही, जरा ओल लागली की ब्लॉक मऊ राहतो आणि मग सुरीखाली नीट कापला जात नाही, कोकणपट्टीतल्या कुठल्याही लॅबला हे विचार.

नंतर अल्ट्रामायक्रोटोम, म्हणजे अगदी पातळ काप, सेक्शन, काढायचं यंत्र. हिऱ्याची सुरी, तिच्या मागे पाण्याची छोटी होडी, आणि ब्लॉक सुरीवरून खाली येतो तसा एकेक सेक्शन पाण्यावर तरंगत पुढे सरकतो. जाडी हवी ६० ते ९० नॅनोमीटर. मोजायला काही लागत नाही, पाण्यावर सेक्शनला जो रंग चमकतो त्यावरूनच कळतं, करडा म्हणजे फारच पातळ, चंदेरी म्हणजे बरोबर, सोनेरी म्हणजे जरा जाड, जांभळा आला की टाकून द्यायचा. एक मिलिमीटरच्या तुकड्यात असे दहा हजारांहून जास्त सेक्शन बसतील. हे सरकवायला चिमटा चालत नाही, फाटतात, म्हणून बारीक काडीच्या टोकाला पापणीचा एक केस चिकटवतात आणि त्याने ढकलत ढकलत एकत्र आणतात. आमच्या लॅबमध्ये प्रत्येकीची आपली आपली काडी असायची. मग तांब्याची तीन मिलिमीटरची जाळी, तिला ग्रिड म्हणतात, तिच्यावर सेक्शन उचलायचे, युरेनिल ॲसिटेट आणि लेड सायट्रेटने रंगवायचे, रंगवायचे म्हणजे जड धातू लावायचे, धातू जिथे बसतो तिथे इलेक्ट्रॉन अडतात आणि ती जागा काळी दिसते.

खोलीत अंधार करून पहिल्यांदा ग्रिड लावशील तेव्हा हिरव्या पडद्यावर कोलॅजन शोध. डर्मिसमध्ये भरपूर असतं, प्रत्येक धाग्यावर आडवे पट्टे, दर ६७ नॅनोमीटरला एक, इतके नियमित की लॅबमध्ये मोजमाप बरोबर आहे ना ते त्यावरून ताडून बघता येतं. वर एपिडर्मिसमध्ये नशीब असेल तर लँगरहान्स पेशी सापडेल, तिच्या आत बर्बेक ग्रॅन्युल, टेनिसच्या रॅकेटसारखे, दांडा आणि फुगीर टोक. पॉल लँगरहान्सने ही पेशी १८६८ मध्ये साध्या मायक्रोस्कोपने पाहिली आणि तो तिला मज्जातंतूची पेशी समजला, ग्रॅन्युल दिसले १९६१ मध्ये, ईएमखाली. ती शरीराच्या पहारेकरी पेशींपैकी आहे हे त्याच्याही नंतर नीट कळलं.

मी सांगितलं ते टीईएम, आरपार बघायचं. दुसरं एसईएम, ते पृष्ठभाग बघतं, तुकडा सुकवून त्याच्यावर सोन्याचा पातळ थर देतात. दोनापावलाला एनआयओमध्ये, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचे जे सुंदर फोटो निघतात ते एसईएमचे. संधी मिळाली तर तिथून सुरुवात कर, हात बसतो. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेव, ईएममध्ये आपण कातडीचा इतका इवलासा भाग बघतो की चुकीची जागा बघून ठाम रिपोर्ट देणं अगदी सोपं आहे. म्हणून आधी अर्धा-एक मायक्रॉनचे, म्हणजे पाचशे ते हजार नॅनोमीटरचे, जाड सेक्शन काढून टोल्युइडिन ब्लूने रंगवतात, साध्या मायक्रोस्कोपखाली जागा ठरवतात, आणि मगच पातळ कापतात. ही पायरी जो गाळतो त्याच्या फोटोवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

प्रश्न (पेडण्याहून एक ताई): माझ्या बहिणीचं लग्न रंगावरून दोनदा मोडलं. ती आता कुठून कुठून क्रीम आणून लावते. सावळ्या माणसाच्या कातडीत रंगाच्या पेशी जास्त असतात का? त्या कमी करता येतात?

उत्तर: नाही ताई, जास्त नसतात. रंग बनवणाऱ्या पेशींची, मेलॅनोसाइटची, संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसात शरीराच्या एकाच जागेवर जवळपास सारखीच असते. फरक कुठे आहे तो ईएमनेच दाखवला. मेलॅनोसाइट मेलॅनोसोम नावाचे रंगाचे कण बनवते आणि शेजारच्या पेशींना देते. गडद कातडीत हे कण मोठे असतात आणि एकेकटे, सुटे राहतात, फिक्या कातडीत ते लहान असतात, एका आवरणात झुबक्याने राहतात आणि लवकर विरघळतात. बस्स, सगळा रंगभेद एवढ्यावर उभा आहे. आणि पेशीत ते कण कुठे जाऊन बसतात बघा, केंद्रकाच्या वर, उन्हाच्या बाजूला, म्हणजे आतल्या डीएनएवर ऊन थेट पडू नये म्हणून. मी हे पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ ग्रिड हलवलाच नव्हता. तुमच्या बहिणीची कातडी तिचं काम चोख करतेय.

क्रीमबद्दल मात्र कडक सांगते. लेबल नसलेली, बाहेरून आणलेली गोरेपणाची क्रीम तिने आज बंद करावी. त्यात पारा असू शकतो, स्टेरॉइड असू शकतं. केरळात अशा पाऱ्याच्या क्रीममुळे मूत्रपिंडं बिघडलेले पेशंट सापडलेत, आणि मूत्रपिंडाचा तो बिघाड नीट बघायलासुद्धा बायोप्सी आणि ईएम लागतो. पाय सुजत असतील, लघवीला फेस येत असेल तर थांबू नका, लघवी तपासून घ्या आणि क्रीमची डबी डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

प्रश्न (कळंगुटहून, किनाऱ्यावर काम करणारा): दिवसभर उन्हात उभं राहावं लागतं. सनस्क्रीनमधले नॅनो कण कातडीतून रक्तात जातात असं मेसेजमध्ये वाचलं. लावू की नको?

उत्तर: लाव भाऊ. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडचे कण लावून मग कातडी ईएमखाली बघितलेली आहे, धड कातडीत हे कण वरच्या मेलेल्या थरात आणि केसांच्या तोंडाशीच थांबलेले दिसतात, खालच्या जिवंत पेशींपर्यंत पोचत नाहीत. हा वरचा थर दिसतो तेवढा साधा नाही. त्याच्या चपट्या पेशींच्या मधल्या जागेत चरबीचे पदर एकावर एक रचलेले असतात, ऑस्मियमने ते नीट दिसायचे नाहीत, रुथेनियम टेट्रॉक्साइड वापरलं तेव्हा दिसले. उघड्या जखमेवर लावू नको, स्प्रे असेल तर तोंडासमोर मारू नको, हातावर घेऊन लाव. दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर परत लाव, सोबत टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट.

प्रश्न (वास्कोहून एक निवृत्त गृहस्थ): बाय, माझ्या मुलाला एक्केचाळिसाव्या वर्षी छोटा स्ट्रोक आला. बीपी नाही, शुगर नाही. न्यूरोलॉजिस्ट म्हणतात दंडाच्या कातडीचा तुकडा घेऊया. मेंदूच्या आजाराला कातडी कशाला?

उत्तर: काका, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि डॉक्टरही बहुतेक बरोबर वाटेवर आहेत. कॅडासिल नावाचा एक आनुवंशिक आजार आहे, नॉच ३ ह्या जीनमधला. त्यात बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती बिघडतात, त्रास मेंदूत होतो, आधी अर्धशिशी, मग चाळिशी-पन्नाशीत स्ट्रोक, एमआरआयमध्ये पांढरे डाग. पण वाहिन्या तर सगळ्या अंगभर आहेत. ह्या आजारात वाहिनीच्या स्नायूपेशींना लागून गडद दाणेदार साठे जमतात, आणि ते कातडीतल्या वाहिन्यांतही ईएमखाली दिसतात. मेंदूचा तुकडा काढण्यापेक्षा दंडाचा काढलेला कधीही बरा.

फक्त इथे तुकडा खोल हवा. वरवरचा घेतला तर त्यात योग्य वाहिनीच येत नाही, आणि मग "साठे दिसले नाहीत" ह्या रिपोर्टला काहीच अर्थ उरत नाही. डर्मिसच्या तळापर्यंत, खालच्या चरबीपर्यंत जाईल असा पंच हवा, आणि अर्थातच ग्लुटाराल्डिहाइड. रिपोर्ट आल्यावर किती वाहिन्या बघितल्या ते लिहिलंय का बघा. नॉच ३ ची जीन टेस्टही रक्तावर होते, आजकाल बरेचदा तीच आधी करतात, तेव्हा तेही विचारा. घरात आणखी कुणाला लहान वयात स्ट्रोक आलेला, कुणाला वेड लागल्यासारखं झालेलं, ते आठवून कागदावर लिहून न्या, तुमच्या बाजूचं आणि काकींच्या बाजूचं दोन्ही.

प्रश्न (काणकोणहून): वडिलांच्या कातडीची ईएम तपासणी काही वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यात झाली होती. आता नवीन डॉक्टरांना ती परत बघायची आहे. परत तुकडा काढावा लागेल का?

उत्तर: बहुतेक नाही. रेझिनचा ब्लॉक नीट ठेवला असेल तर कितीतरी वर्षं टिकतो, त्याच्यातून आजही नवे सेक्शन कापता येतात. त्या लॅबला पत्र लिहा, पेशंटचं नाव, तारीख आणि रिपोर्टवरचा नंबर द्या, आणि ब्लॉक, ग्रिड आणि मूळ फोटो, हे तिन्ही मागा. नुसते फोटो मिळाले तर त्यावर मोजपट्टी आणि कितीपट मोठं केलंय ते हवं, नाहीतर नवीन डॉक्टर काय मोजणार. जुन्या ब्लॉकमध्ये हवा तो भाग संपला असेल तर आणि तरच परत तुकडा, आणि तेव्हा डिचोलीच्या ताईंना दिलेलं उत्तर वाचून जा.